डॅशराव

परभणीत वस्तू हरवली की माणूस आधी घर उलथंपालथं करतो, मग घरातल्यांवर चिडतो आणि शेवटी देवाला नारळ कबूल करतो. कॉम्प्युटरातली फाईल हरवली तर मात्र तो जिंतूर रोडवरच्या एका मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात येतो. तिथं डॅशराव बसलेला असतो. आई-वडिलांनी ठेवलेलं नाव त्याच्या आधार कार्डावर सुखरूप आहे. पण दर दोन शब्दांमागं 'डॅश' आल्याशिवाय त्याचं वाक्य पुढं सरकत नाही, म्हणून गिऱ्हाइकांनी त्याचं दुसरं बारसं केलं.

हा माणूस माउसला हात लावत नाही. माउस आहे, पण पंख्याच्या वाऱ्यानं पावत्या उडू नयेत म्हणून तो त्यांच्यावर ठेवलेला असतो. पडदा काळा, अक्षरं पांढरी. इतर दुकानांतली पोरं फोल्डरावर फोल्डर उघडत बसतात. डॅशराव एक ओळ लिहितो, एंटर मारतो आणि पातं लवायच्या आत फाईल समोर हजर करतो. अडचण एवढीच की ती ओळ लिहिण्याआधी तो जे विचारतो, त्यात तुमची अर्धी दुपार जाते.

जुलै महिना होता. पीक विम्याची मुदत संपत आलेली. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मानवतकडचे एक मामा टोपीनं वारा घेत पुढं झाले.

"सातबारा पाहिजे बाबा. मागल्या खेपेला तूच काढून दिला होतास."

"फाईल पाहिजे का फोल्डर?"

"सातबारा पाहिजे."

"म्हणजे डॅश टी, एफ. एक्स्टेन्शन काय?"

"मिळणार म्हणायलेत. पण जीआर आला नाही अजून."

"तसं नाही मामा. पीडीएफ होती, का फोटो होता?"

"सातबाऱ्यावर कव्हापासून फोटो यायला लागला?"

"डॅश ई, पीडीएफ. आता सांगा, कव्हा काढला होता?"

"सोयाबीन दोन पानावर होतं तव्हा."

डॅशराव अशा उत्तरानं अडत नाही. तो उलट सरसावून बसतो. पेरणी मृगात झाली का आर्द्रात, उगवण किती दिवसांत झाली, दुबार तर नाही करावी लागली, हे सगळं विचारून त्यानं हिशेब मांडला: तीन आठवड्यांच्या आतली फाईल. त्यासाठीही एक डॅश आहे, तोही त्यानं टाकला. राहिलं नाव. मामा ज्ञानोबा. हे नाव इंग्रजी अक्षरांत कुणी 'डी-एन-वाय'नं सुरू करतं, कुणी 'जी-वाय'नं, आणि रांग मोठी असली की नुसत्या 'डी'नं. डॅशराव त्या वादात पडलाच नाही. त्यानं फक्त शेवटचं 'नोबा' लिहिलं. सुरुवात कशीही बिघडवा, शेपटी सगळ्यांची सारखीच. एंटर मारला. एकच ओळ आली. मामांचा सातबारा.

"एवढ्यात सापडला?" मामा म्हणाले. "मग इतका वेळ कामून घालवलास?"

"मशीनला वेळ लागत नाही मामा. तुमच्या ध्यानात यायला लागतो."

हेच त्याचं तत्त्वज्ञान आहे, आणि गिऱ्हाइकांची तक्रारही हीच आहे.

त्याचं शिक्षण परभणीत झालं, नोकरी पुण्यात लागली, आणि 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' या न्यायानं तो परत आला. येताना पुण्याहून त्यानं दोन गोष्टी आणल्या: एक जुना लॅपटॉप आणि ती काळ्या पडद्याची खोड. दुकान टाकल्यावर पहिल्यांदा त्यानं नऊ तालुक्यांचे नऊ फोल्डर केले: परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा. तालुक्यात गाव, गावात माणूस, माणसात कागद. अशी उतरंड लावली की 'डॅश डी'नं सांगता येतं, किती पायऱ्या खाली उतरायचं. डॅश डी दोन म्हटलं की शोध गावाच्या वेशीवर थांबतो, कुणाच्या घरात शिरत नाही. पण फायलींची नावं देणारी पोरं हाताखालची. ती नाव ठेवणार 'स्कॅन शून्य शून्य एक', 'न्यू फायनल', 'न्यू फायनल दोन' आणि 'हीच घ्या'. 'हीच घ्या' नावाच्या फायली त्याच्याकडं इतक्या झाल्या आहेत की त्यातली नेमकी कोणती घ्यायची, यासाठी वेगळा शोध लावावा लागतो.

सगळ्यात जास्त मनस्ताप पूर्णा तालुका देतो. इंग्रजी अक्षरांत 'पूर्णा' म्हणून शोधलं की पूर्णा निघते, अन्नपूर्णा निघते, आणि त्यांच्यामागून 'अपूर्ण' नावाच्या फायलींची वरात येते, कारण कागद कमी पडलेला प्रत्येक अर्ज पोरांनी त्याच नावानं ठेवलेला. नावात कुठंही ती अक्षरं दिसली की शोधणारा प्रोग्राम ती ओळ आणून टाकतो. त्याला तालुका कळत नाही आणि त्रुटीही कळत नाही. यावर उपाय म्हणजे शब्दाच्या डोक्यावर ते टोपीसारखं चिन्ह ठेवायचं: नावाची सुरुवातच इथून झाली पाहिजे, असा त्याचा अर्थ. एकदा डॅशराव हाताखालच्या पोराला ओरडून सांगत होता, "पूर्णावाल्यांना आधी टोपी घाल, मग सापडतील!" बाकावर पूर्ण्याचे चार जण बसलेले होते. ते कागद न घेताच उठले.

रिकामा वेळ मिळाला की तो इतिहास सांगतो. फाइंड ही मूळची कमांड १९७४ च्या युनिक्समधली, डिक हाइट या माणसानं लिहिलेली. "आपलं कृषी विद्यापीठ १९७२चं, फाइंड १९७४चं," डॅशराव म्हणतो, "दोन्हीकडं काही शोधायचं तर सगळं आवार पायी पालथं घालावं लागतं." फाइंड खरंच तसं करतं, दर वेळी पहिल्या फोल्डरापासून शेवटच्यापर्यंत चालत जातं. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स वूड्स यांनी लोकेट काढलं. ते चालतच नाही. सगळ्या फायलींची यादी आधीच करून ठेवतं आणि विचारलं की यादीत बघून सांगतं. वेग प्रचंड, पण यादी ताजी केली नाही तर तिची गत मतदार यादीसारखी: गेलेला माणूस तीत ठणठणीत, आणि काल आलेल्याचा पत्ता नाही. आणि २०१७ मध्ये डेव्हिड पीटर यांनी रस्ट भाषेत लिहिलेलं आलं ते एफडी. तेही चालतंच, पण प्रोसेसरचे सगळे कोर एकदम कामाला लावून, चारी दिशांनी. शिवाय लपवलेल्या फायली आणि 'याकडं बघू नका' म्हणून नोंदवलेल्या फायली ते आपणहून वगळतं. वगळायच्या नसतील तर लपवलेल्यांसाठी डॅश मोठा एच, नोंदवलेल्यांसाठी डॅश मोठा आय.

तो मोठा एच मोठाच पाहिजे. लहान एच दिला की मदतीचं पान उघडतं. एका मास्तरांनी घरी हा प्रयोग केला आणि दुसऱ्या दिवशी रागानं दुकानात आले. लपलेला कागद मागितला तर पानभर उपदेश मिळाला, ही त्यांची तक्रार. डॅशराव शांतपणे म्हणाला, "मास्तर, वर्गात तुम्हीही तेच करायचात."

कमांडच्या दुनियेत मानमरातब असतो, असं त्याचं म्हणणं. बरोबरीच्या माणसाशी एक डॅश आणि एक अक्षर, काम भागतं. वडीलधाऱ्याला समजावून सांगायचं तर दोन डॅश आणि पुढं अख्खा शब्द. म्हणून तो शाळेतल्या पोरांना 'डॅश ई' सांगतो आणि निवृत्त नायब तहसीलदारांना 'डॅश डॅश एक्स्टेन्शन'. फाइंडला मात्र हे वळण नाही. ते एकाच डॅशवर 'नेम', 'टाइप' असे अख्खे शब्द खपवतं. त्यावर डॅशराव काही बोलत नाही. जुन्या माणसांना कोण सांगणार?

त्याच्या आईला या सगळ्यातली एकच गोष्ट आजवर पटलेली नाही. 'डॅश क्यू' दिला तर प्रोग्राम पडद्यावर अक्षरही उमटवत नाही. गुपचूप एक आकडा मागं ठेवतो. सापडलं तर शून्य, नाही सापडलं तर एक. "शून्य मिळालं म्हणून नाचणारं पोरगं मी हे एकच बघितलं," ती शेजारणींना सांगते. पण मुलाची स्थळं बघता बघता तीही या भाषेत मुरली. तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, "आता डॅश एक लाव बाबा." डॅश एक म्हणजे पहिलं सापडलं की थांबायचं.

ते स्थळ सेलूचं होतं. बैठकीत मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलाचं दुकानाशिवाय आणखी काय? डॅशरावाच्या काकांनी पुतण्याला दिवसभर जे बोलताना ऐकलं होतं ते अभिमानानं सांगून टाकलं, "एफडी आहे त्याची."

मुलीचे वडील सावरून बसले. "कितीची?"

"कितीची म्हणजे?" डॅशराव म्हणाला. "फुकट आहे. मी तर दिवसभर वापरतो."

"वापरता? म्हणजे मोडता की काय?"

"मोडत नाही हो. दर काही महिन्यांनी नवीन येते, ती घेतो."

"कुठल्या बँकेत?"

"बँकेत नाही. गिटहबवर."

"ती पतसंस्था नवीन दिसते," मुलीचे वडील म्हणाले आणि पोह्यांची बशी खाली ठेवली. मराठवाड्यातल्या माणसाला पतसंस्थेचं नाव काढलं की भूक राहत नाही. तेवढ्यात आतून मुलीनंच सांगितलं, "बाबा, ते फाईल शोधायचं सॉफ्टवेअर आहे." बशी परत उचलली गेली आणि लग्न ठरलं.

मुलगी हुशार, पण पंथ निराळा. ती विंडोजवाली, एव्हरीथिंग वापरणारी. डेव्हिड कार्पेंटर यांचा हा प्रोग्राम डिस्कवर फोल्डरोफोल्डरी हिंडत नाही. एनटीएफएस डिस्कमध्ये प्रत्येक फाईलची नोंद असलेला एक मुख्य तक्ता असतो, तोच तो वाचून घेतो, आणि पुढं बदलांची रोजनिशी बघून यादी ताजी ठेवतो. ती एकेक अक्षर टाइप करते तशी यादी आक्रसत जाते आणि चौथ्या अक्षराला फाईल हाती येते. नवऱ्याचं 'फाईल का फोल्डर?' विचारून होईपर्यंत तिचं प्रिंट निघालेलं असतं. डॅशरावानं हार मानली नाही. एव्हरीथिंगलाही काळ्या पडद्यावरून चालवायची सोय आहे, ईएस नावाची, हे त्यानं शोधून काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. ती म्हणाली, "दार उघडं असताना खिडकीतून कामून येऊ?"

तिचं महत्त्व त्याला डॅश एक्सच्या दिवशी कळलं. डॅश एक्स म्हणजे शोधून काढ आणि सापडेल त्याच्यावर लगेच पुढचं काम कर. डिस्क भरत आली होती, एकेका कागदाच्या 'कॉपी' नावाच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती पडलेल्या. त्यानं 'कॉपी' शोधायला सांगितलं, पुढं डॅश एक्स, पुढं पुसून टाकायची कमांड. एंटर. काळा पडदा काही विचारत नाही, आणि पुसलेलं कचऱ्याच्या डब्यातही टाकत नाही. प्रती गेल्या. त्यांच्याबरोबर 'झेरॉक्स कॉपी दरपत्रक' गेलं, 'ओरिजिनल कॉपी' नावानं ठेवलेले लोकांचे मूळ दाखले गेले, आणि पोरांनी 'मेन कॉपी, हात लावू नका' म्हणून ठेवलेली वर्षभराच्या उधारीची वहीही गेली. बायकोनं कपाटातून हार्ड डिस्क काढली. ती दर रविवारी सगळ्याची नक्कल करून ठेवायची, त्याला न विचारता. तेव्हापासून दुकानात नियम आहे: आधी नुसतं शोधायचं, आलेली यादी वरपासून खालपर्यंत वाचायची, आणि मगच त्या ओळीला डॅश एक्स जोडायचा. हा नियम पाटीवर लिहून लावला आहे. उधारीवाल्यांना तो अजून आवडलेला नाही.

२०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामाच्या काळातली दप्तरं गावोगाव बाहेर निघाली, कुठं उर्दूत, कुठं मोडीत. डॅशरावाचे एक चुलते पणजोबांची नोंद काढायला निघाले, तर हा लॅपटॉप घेऊन बरोबर. अभिलेख कक्षात गेला आणि दारातच थबकला. छतापर्यंत मांडण्या, त्यांत लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, आणि प्लगपॉइंट एकच, त्यालाही पंखा लावलेला. लॅपटॉप पिशवीतून निघालाच नाही.

तिथले रेकॉर्डवाले काका निवृत्तीला आलेले. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "गाव?" चुलत्यांनी सांगितलं. "सन?" सांगितलं. "जमिनीचं पाहिजे, का जन्म-मृत्यूचं? का शाळेचं?" डॅशराव हळूच पुढं सरकला. काका म्हणाले, "खासरा १९५४चा. त्याच्या आधीचं पाहिजे तर उर्दू वाचणारे चाचा दुपारी येतात. आणि नुसत्या नावावर जाऊ नका. ज्यानं लिहिलं त्यानं कानाला आलं तसं लिहिलंय. बापाचं नाव आणि सर्व्हे नंबर धरून चाला."

एवढं बोलून ते शिडीवर चढले, तिसऱ्या मांडणीतला एक गठ्ठा ओढला आणि फडकं सोडलं. कोणते कागद कायमचे ठेवायचे, कोणते तीस वर्षं आणि कोणते वर्षभरात रद्दीत काढायचे, हे अ, ब, क, ड वर्ग त्यांना तोंडपाठ होते. म्हणजे कुठं बघायचंच नाही, हे शिडीला हात लावायच्या आधीच ठरलेलं. नोंद निघाली तेव्हा चुलते नोंदीकडं बघत होते आणि डॅशराव काकांकडं. त्यानं वाकून नमस्कार केला. काका गोंधळून म्हणाले, "अहो, नक्कल फी तेवढी भरा, पाया कामून पडायलात?"

त्या दिवसापासून त्याच्या चौकशीला शास्त्राची धार आली. एकदा गंगाखेडचे निवृत्त प्राध्यापक आले. जनाबाईंवर दिलेलं भाषण पाहिजे होतं, कोणत्या फाईलमध्ये आहे ते आठवेना. नावावरून सापडण्यासारखं नव्हतं, म्हणून फायलींच्या पोटात शोधायचं ठरलं. सगळा मजकूर साध्या फायलींत उतरवून 'जनाबाई' शोधलं. एकही नाही. प्राध्यापक हवालदिल झाले. डॅशरावानं विचारलं, "सर, फॉन्ट कोणता होता?" कृतिदेव होता. कृतिदेवमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. कॉम्प्युटरच्या लेखी ती मराठी नसतेच. त्यानं टाइप केलं: टी, यू, के, सी, के, बी आणि मोठा झेड. सात अक्षरं, एंटर, आणि भाषण समोर. प्राध्यापकांनी ती सात अक्षरं जोडून वाचायचा प्रयत्न केला. जमेना. "सातशे वर्षांत संत जनाबाईंना असं कुणी संबोधलं नसेल हो," ते म्हणाले; पण पेनड्राइव्हवर चार वेळा घेऊन गेले.

आता गंमत अशी झाली आहे की गिऱ्हाईक तयार झालंय. लोक घरूनच जुळवाजुळव करून येतात. "पाथरी तालुका, पीडीएफ, आठ दिवसांच्या आतली, सातबारा नाही आठ-अ," असं पहिल्या दमात सांगून हात पुढं करतात. दुकानातली गर्दी लवकर हटते, हाताखालची पोरं खूश आहेत, गल्ला वाढला आहे. डॅशराव तेवढा खट्टू असतो. विचारायला काही शिल्लकच ठेवत नाहीत, म्हणतो.

परवा झरीकडच्या एक आजी आल्या. पाठीशी नातू, हातात काठी. डॅशरावानं तोंड उघडायच्या आत त्यांनी सुरू केलं, "निराधारचा अर्ज. तूच भरलेला. पीडीएफ. संक्रांतीच्या आधीचा, पण वर्षाच्या आत. परभणी तालुका, झरी. माझ्याच नावाची दुसरी एक म्हातारी आहे गावात, तिचा नको, ती वारली."

तालुका आला, गाव आलं, प्रकार आला, मुदत आली, आणि काय वगळायचं तेही आलं. दुकान गप्प झालं. डॅशरावाची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापाशी प्रश्न उरला नव्हता, आणि हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. त्यानं डोकं खाजवलं, आठवून आठवून एक काढलाच.

"आजी, नाव मोठ्या अक्षरांत लिहिलंय, का लहान?"

"अंगठा आहे बाबा माझा," आजी म्हणाल्या, "आता तो लहान का मोठा, ते तू मोजून घे."